आयर्विनला किती फूट?

पावसाळा लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांची जागा एक प्रश्न घेतो : आयर्विनला किती फूट? सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी : आयर्विन हा कृष्णेवरचा आमचा जुना पूल. तिथल्या पट्टीवर पाणी 40 फुटांना लागलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं.

प्रश्नामागोमाग भांडण येतं. मोठ्या काकांच्या मते सगळा दोष खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेल्या अलमट्टी धरणाचा. धाकट्या काकांच्या मते पूरपट्ट्यात घरं बांधणाऱ्यांचा. कर्नाटकला धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 वर न्यायची आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 मध्ये तशी मुभा दिली आणि आपल्याकडून विरोध चालू आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नाही. मोठ्या काकांनी त्या समितीलाच दोषी धरलं. मी नेदरलँड्समधल्या आइंटहोवनमध्ये बसून हे वाचतो आणि गप्प राहतो. ‘तू तिकडं समुद्राच्या खाली राहतोस, तुला काय कळणार’ हे उत्तर एकदा मिळून झालंय.

खरं तर मी समुद्राच्या वरच राहतो, माझं अंगण सुमारे 17 मीटर उंचीवर आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही. हा आकडा मी कोणाला न विचारता, अर्ज न करता, एक सेंटही न देता पाहिला. नेदरलँड्समध्ये विमानातून लेसर सोडून सगळ्या देशाची उंची मोजली जाते आणि काही वर्षांनी पुन्हा मोजली जाते. अर्ध्या मीटरच्या चौकटीला एक आकडा, चूक काही सेंटिमीटरांची. आधी ही माहिती विकत मिळायची, 2014 पासून ती सर्वांना खुली आहे. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी त्यावरून देशातल्या सुमारे एक कोटी इमारतींची त्रिमितीय प्रतिकृती उभी केली आणि तीही फुकट वाटली. एक संकेतस्थळ आहे, त्याच्या नावाचा अर्थच ‘मी बुडतो का?’ असा. पिनकोड टाकला की बांध फुटल्यास तुमच्या दारात जास्तीत जास्त किती पाणी येईल ते सांगतं.

1953 च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून इथे 1,836 माणसं गेली. त्यामुळे पाण्याची माहिती लपवणं हा या देशात जवळजवळ असभ्यपणा समजला जातो.

जुलै 2021 मात्र मला विसरता येत नाही. महिन्याच्या मध्याला इथल्या लिंबुर्ग प्रांतात ख्यूल नावाची, आपल्या ओढ्याएवढी नदी फुगली आणि फाल्कनबुर्ख गाव पाण्यात गेलं. शेजारी जर्मनी-बेल्जियममध्ये दोनशेहून जास्त माणसं दगावली. आठवड्याभरात चिपळूण बुडालं, तळियेवर दरड कोसळली आणि मग पुन्हा कोल्हापूर-सांगली. माझ्या लॅपटॉपवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत इथल्या मास नदीची पातळी आणि पुढच्या काही तासांचा अंदाज. दुसरीत आमचा ग्रुप, त्यात चुलतभावाने पुलावरून काढलेला पट्टीचा हलणारा व्हिडिओ, आणि खाली ‘हा आजचाच आहे का रे?’ हा प्रश्न सहा वेळा.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. केंद्रीय जल आयोग पूरपातळी जाहीर करतो, धरणांचे विसर्ग कळतात. इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर कार्टोडेम ही उंचीची माहिती फुकट आहे. पण तिच्यात 30 मीटरला एक ठिपका आणि उंचीत काही मीटरांची चूक. आमची आख्खी गल्ली दोन ठिपक्यांत संपते. घरात पाणी येणार की पायरीवर थांबणार, हा प्रश्न फुटाचा आहे. 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात सपाट प्रदेशाची उंची 25 सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजायचं उद्दिष्ट आहे, मुदत 2030. त्याच्या आदल्या वर्षी केंद्राने नकाशे बनवण्यावरची जुनी बंधनंही भारतीयांसाठी काढून टाकली. म्हणजे मोजणी होईल. मोजलेलं फुकट आणि वापरता येईल अशा रूपात मिळेल का, एवढाच माझा प्रश्न. पूररेषेचंच बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. मला एका कचेरीतून मिळाली ती तिरक्या स्कॅन केलेल्या कागदावर, घडीची सावली नेमकी आमच्या वॉर्डावर. रेषा होती, पण फोनमध्ये नकाशावर ठेवून माझं घर आत की बाहेर, हे बघता येत नव्हतं.

हे सगळं करदात्यांच्या पैशातून एकदा मोजलेलं असतं. ते पुन्हा विकणं म्हणजे विहीर गावाने खणायची आणि घागरीला पैसे लावायचे. ‘सुरक्षेचं काय?’ असं विचारणारे भेटतात. लष्करी तळ झाका, कोण नाही म्हणतंय? गावभागातल्या बोळाची उंची शत्रूच्या काय कामाची? ज्याच्यापासून ती लपते तो फ्लॅट घेणारा माणूस असतो.

पण हॉलंडची आरती ओवाळायची तर पूर्ण ताट दिसू दे. याच देशात बालसंगोपन अनुदानात फसवणूक केल्याचा खोटा ठपका हजारो पालकांवर ठेवला गेला. त्यांनी स्वतःची फाइल मागितली तेव्हा काहींना पानंच्या पानं काळी फासून मिळाली. जानेवारी 2021 मध्ये त्या प्रकरणात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. जमिनीचा इंचन्‌इंच उघडा आणि माणसाची स्वतःची फाइल काळी! आपला माहिती अधिकार 10 रुपयांत 30 दिवसांची मुदत देतो. ती नेहमी पाळली जात नाही हे मलाही माहीत आहे, पण कागद म्हणून तो कायदा इथल्यापेक्षा कमी नाही. म्हणूनच 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्यातलं वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम आणखी घट्ट केलं, याची चर्चा अलमट्टीच्या निम्म्याने तरी व्हायला हवी होती.

आणखी एक गंमत. शेजारचं घर कोणाच्या नावावर आहे हे बघायला इथे भूमापन खात्याला काही युरो द्यावे लागतात. आमच्या शेताचा सातबारा मी रात्री अकराला इथे बसून फुकट बघतो, डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपये. डच सहकाऱ्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडे जमीन कोणाची ते सगळ्यांना माहीत, आणि ती किती उंच आहे ते कोणालाच नाही?’ मी त्याला चहा पाजून विषय बदलला.

‘कोणालाच नाही’ हे तसं बरोबर नव्हतं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर अण्णांनी ऑइलपेंटने तीन रेघा मारल्यात : 2005, 2019, 2021. पूरपट्ट्यातल्या बऱ्याच घरांत अशा रेघा सापडतील. घराला रंग काढला तरी त्यांच्याभोवती वीतभर जागा सोडायची, हा आईचा नियम.

गेल्या डिसेंबरात मी सुट्टीवर होतो आणि दादा गल्लीच्या टोकाला फ्लॅट बघत होता. तळमजला, पुढे छोटी बाग. बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘हितं पाणी येत न्हाई साहेब, लिहून देतो.’ लिहून मात्र दिलं नाही. अण्णांनी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. तो पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घेऊन आला. एक टोक मी आमच्या जिन्यात 2019 च्या रेघेला धरलं, दुसरं घेऊन तो दारातून बाहेर पडला. नळी संपली की कुंपणाच्या भिंतीवर खडूची खूण, तिथून पुन्हा पुढे. तासाभरात सहा खुणा झाल्या, पोरं गोळा झाली, कोणी तरी विचारलं की नळाची लाइन टाकताय का.

शेवटची खूण त्या फ्लॅटच्या भिंतीवर पडली. दादाने जमिनीपासून टेप लावली. चार फूट दोन इंच. बिल्डरचा माणूस म्हणाला, खडू पुसून टाका. अण्णांनी आधी माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि तो ग्रुपवर टाकायला लावला.