मांजरं छपरावरून पडत नव्हती ओ!

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज परवा चौथ्यांदा आला. 'इंग्लिश इडियम्समागच्या खऱ्या गोष्टी, 1500 सालच्या इंग्लंडातल्या, गोष्ट कळली की मुलं अर्थ आयुष्यात विसरणार नाहीत.' मावशीनं टाकलेला म्हणून तिथं गप बसलो, पण इथं लिहितोच. यातला बराचसा माल 1999 पासून ईमेलवर फिरतोय, मराठीत आत्ता पोचला एवढंच.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' घ्या. म्हणे गवती छपरात कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. अरे, पाऊस लागला की मांजर चुलीपाशी येतं का छपराच्या वर जाऊन बसतं? जोनाथन स्विफ्टच्या 1738 च्या पुस्तकात हे शब्द जवळपास असेच आहेत, पण ते आले कुठून याचा पक्का पुरावा कुणाकडंच नाही. आणि गोष्ट लागतेच कशाला? 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटाच्या वर गेलं तेव्हा अख्खी सांगली मुसळधार मुसळधार म्हणत होती, आभाळातून मुसळ पडलेलं कुणी बघितलं का? अर्थ फक्त धो धो पाऊस. त्यातून हा इडियम आता जुनाट वाटतो, लोक सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतात.

'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे जिवंत पुरलेल्या माणसानं शवपेटीतनं घंटा वाजवली, हे तर कहरच. तसल्या घंटावाल्या पेट्या निघाल्या होत्या खऱ्या, पण 19व्या शतकात, आणि इडियम आलाय बॉक्सिंगमधनं. खाली पडलेल्याचे दहा आकडे मोजून व्हायच्या आत राऊंड संपल्याची घंटा झाली की गडी वाचला. ऐनवेळी सुटका, बास. 'डेड रिंगर'चाही त्या घंटेशी संबंध नाही, तो अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतला, दुसऱ्याच्या नावावर गुपचूप पळवलेला घोडा म्हणजे रिंगर. अर्थ, हुबेहूब दिसणारा.

आमच्या ग्रुपवरच्या मेसेजला कुणीतरी देशी फोडणी पण दिलीय. 'बाइट द बुलेट' म्हणे 1857 च्या काडतुसांवरनं आलं. शिपायांना दातानं फोडायला लागायचा तो काडतुसाचा चरबी लावलेला कागद, गोळी नव्हे. फटके खाताना ओरडू नये म्हणून सैनिक गोळी चावतात हे फ्रान्सिस ग्रोसच्या 1796 च्या कोशात आहे, म्हणजे उठावाच्या साठ वर्षं आधी. अर्थ, नकोसं काम मन घट्ट करून उरकणं.

सगळ्याच गोष्टी खोट्या असतात असं नाही हां. आपलं 'पानिपत झालं' 1761 च्या लढाईवरनंच आलंय.

आता राहिलं ते 'गोष्ट कळली की अर्थ विसरत नाहीत'. माझा भाचा विश्रामबागला क्लासला जातो, त्याला बादलीवर उभं राहून फास घेणाऱ्याची गोष्ट तोंडपाठ (ती पण नुसती अंदाजपंचे). तोंडी परीक्षेत सुट्टीबद्दल विचारलं तर पठ्ठ्या ऐटीत म्हणाला, 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट.' म्हणजे मराठीत 'आमचे आजोबा खपले' किंवा 'गचकले'! बाई आधी दचकल्या, मग हसू दाबत बसल्या. गोष्टीत मरण होतं, ते त्यानं बरोबर धरलं, पण हे कुणाबद्दल आणि कुणासमोर बोलायचं नाही ते मेसेजमध्ये कुठं लिहिलेलं? आता तो 'पास्ड अवे' म्हणतो, आणि बकेट फक्त मोबाईल बंद पडला की.