आठ इंची धुराड्याने ट्रकला बळ येत नाही

अमेरिकेतल्या लांब नाकाच्या सेमी ट्रकच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, धुराड्यांबद्दल (केबिनमागच्या उभ्या धूरनळ्यांबद्दल) एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो थोडक्यात असा: ‘कंपनीची ५ इंची धुराडी काढा, ८ इंची सरळ जोडी चढवा, सायलेन्सर भंगारात द्या. इंजिन मोकळं होतं, ताकद वाढते, डिझेल वाचतं. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) असला की सायलेन्सर कायद्यानेही लागत नाही. पावसाची काळजी नको, पाइप गरमच असतो. आणि बसवायचं म्हणाल तर दोन क्लॅम्प, अर्धा तास.’

८ इंची जोडी मला स्वतःला फार आवडते, हे आधीच कबूल करतो. पीटरबिल्ट ३७९ या ट्रकच्या केबिनमागे ती शोभतेच. भांडण दिसण्याशी नाही, त्या दिसण्याच्या आडून जे खपवलं जातं त्याच्याशी आहे.

पहिला मुद्दा ताकदीचा. हिशेब वरवर पाहिला तर सल्ला खरा वाटतो. ५ इंची नळीचं तोंड सुमारे १९.६ चौरस इंच, ८ इंचीचं ५०.३, म्हणजे अडीचपट. पण धूर धुराड्यात जन्माला येत नाही. टर्बोचं तोंड, त्यापुढचा पाइप, लवचिक तुकडा, केबिनखालचा एल्बो (वळणाचा पाइप) हे सगळं बहुधा ५ इंचीच असतं. बाजारातल्या कित्येक ८ इंची धुराड्यांचा बुडखा ५ इंची एल्बोत बसावा म्हणून मुद्दाम निमुळता केलेला असतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तळापासून ८ इंची एल्बोही मिळतात, पण त्यांच्याआधीचा पाइप तसाच राहतो.

तरीही फायदा अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही. ढोबळ आकडेमोड करून पाहा. १५ लिटरचं इंजिन पूर्ण भारावर, मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर, साधारण २ बार, म्हणजे २०० किलोपास्कल, बूस्टसह (टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबासह) चाललं तर सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास गरम वायू बाहेर पडतो. तो सगळा एकाच ५ इंची नळीतून गेला तर त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात जातो आणि ३ मीटर सरळ नळीत घर्षणाने एक-दीड किलोपास्कल दाब खर्च होतो. समोर बूस्ट आहे २०० किलोपास्कलचा. धुराडी दोन असतील तर वायू वाटला जातो, वेग निम्मा होतो आणि प्रत्येक नळीतलं हे नुकसान चौथाईवर येतं. म्हणजे ५ इंची जोडीनेच जवळजवळ सगळं साधलेलं असतं. ८ इंचीला मिळवायला उरतं काय?

इथे उलटी अंधश्रद्धाही सांगून टाकतो. ‘डिझेल इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच’ असं काही जुने मेकॅनिक म्हणतात. मागचा दाब म्हणजे पाइपामुळे धुराला होणारा अडथळा. टर्बोच्या बाबतीत तेही खोटं. टर्बाइन, म्हणजे टर्बोचं धुराने फिरणारं चाक, फिरतं ते पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावर, त्यामुळे मागचा दाब जितका कमी तितका बरा. तो किती आहे हे मात्र अंदाजाने नाही, मोजून ठरवायचं. टर्बोनंतरच्या सरळ पाइपला गेज लावायचा, भरलेला ट्रक चढावर चालवायचा आणि आकडा इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडायचा. मर्यादेच्या आत असेल तर धुराडं बदलून ताकद येणार नाही. बाहेर असेल तर चेपलेला पाइप, आतून ढासळलेला सायलेन्सर किंवा तुंबलेला फिल्टर शोधायचा. ते सोडून वरची नळी बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

डिझेल वाचण्याचं उत्तर वरच आलं. शिवाय ८ इंची जोडी म्हणजे वाऱ्यात उभे केलेले २० सेंटिमीटर जाडीचे दोन खांब. त्यांनी वाऱ्याचा अडथळा कमी तर होत नाही.

कायद्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं असतं तेच जास्त फिरतं. अमेरिकी संघीय नियमावलीच्या ४९व्या शीर्षकातलं कलम ३२५.९१ ‘सायलेन्सर किंवा आवाज शमवणारं दुसरं साधन’ मागतं आणि अशा साधनाचं उदाहरण म्हणून टर्बोचं नाव खरंच घेतं. पण त्याच भागात आवाजाची मर्यादाही आहे: ५० फुटांवरून मोजल्यावर, ताशी ३५ मैलांपर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर ८६ डेसिबल, त्यापुढच्या रस्त्यांवर ९०. टर्बो आहे म्हणून ही मर्यादा सुटत नाही. ड्रायव्हरच्या कानाशी ९० डेसिबलची वेगळी मर्यादा आहे. कॅलिफोर्नियासारखी राज्यं तर सायलेन्सर मागतातच. आणि २००७ नंतरच्या इंजिनांवर ज्याला लोक सायलेन्सर समजतात तो डबा बहुधा काजळीचा फिल्टर असतो. तो काढणं हा स्वच्छ हवा कायद्याचा भंग आहे, मग धुराडं कितीही देखणं असो.

पाऊस. चालता ट्रक पाणी उडवून टाकतो, हे बरोबर. उभा ट्रक टाकत नाही. सरळ कापलेल्या तोंडातून रात्रभर पाणी उतरतं, एल्बोत साचतं आणि पाइपाचा उतार तसा असेल तर टर्बोपर्यंत जातं. म्हणून सगळ्यात खालच्या एल्बोला बारीक छिद्र हवं, किंवा वर वळवलेलं तोंड निवडावं. वळलेलं तोंड ट्रेलरकडे रोखू नका. त्याची पुढची भिंत काळी होते, आणि ट्रेलर थंड माल नेणारा असेल तर त्याचं थंड करणारं यंत्रही काजळी ओढतं. बंद ट्रक ओढून न्यायचा असेल तर तोंडं झाकायला विसरू नका, कारण वाऱ्याने टर्बो फिरतो आणि तेव्हा त्याला तेल मिळत नसतं.

आता तो अर्धा तास. खरं नुकसान इथे होतं. ३ मीटरची साध्या पोलादाची नळी ३०० अंश सेल्सियसने तापली की सुमारे ११ मिलिमीटर लांब होते, ३०४ प्रतीची स्टेनलेस १६. ती खाली आणि वर दोन्हीकडे जखडली तर ब्रॅकेट तडकतं किंवा वेल्ड सुटतं. खालचा टेकू पक्का हवा, वरच्या पट्ट्याने नळीला फक्त डोलण्यापासून अडवायचं. दीड मिलिमीटर पत्र्याची, १० फुटी, ८ इंची नळी साधारण २३ किलो भरते, तशीच ५ इंची १४. तेव्हा जुन्याच ब्रॅकेटवर नवी नळी टांगणं हा जुगार आहे. त्यात इंजिन आपल्या माउंटवर (टेकूंवर) हलतं आणि केबिन हवेच्या फुग्यांवर वेगळीच हलते. दोघांमधल्या लवचिक तुकड्याला मोकळीक नसेल तर पहिला बळी त्याचाच. यू-बोल्ट क्लॅम्प नळी चेपतो आणि पुढच्या वेळी ती सुटत नाही, रुंद पट्टीचा क्लॅम्प घ्या.

मी आधी सगळं सैल टांगतो. मग फुग्यांतली हवा सोडून केबिन पूर्ण खाली बसवतो, पुन्हा वर आणतो. ट्रेलर जोडून दोन्हीकडे पूर्ण वळवतो, कारण त्याचा कोपरा जाड नळीच्या फार जवळून जातो. वायरी, हवेच्या नळ्या आणि डिझेलची लाइन उष्णतेपासून लांब आहेत ना, हे हात घालून बघतो. उंची मोजतो, आणि तीही ट्रेलर सोडून, कारण मोकळा ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, थोडा वर उठतो. बऱ्याच राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच आहे. आवळायचं सगळ्यात शेवटी. नंतर एक फेरी भरून मारतो, थंड झाल्यावर पुन्हा आवळतो आणि प्रत्येक सांध्यावरून पांढरं फडकं फिरवतो. फडक्यावर काळा ओघळ उमटला तर तो सांधा गळतोय. केबिनच्या किंवा झोपायच्या खणाच्या खाली अशी गळती कलम ३९३.८३ ला चालत नाही, आणि तिथे पट्टी गुंडाळून भागवायलाही त्या कलमाची मनाई आहे. सांधा उघडून नीट बसवावाच लागतो.