मोठ्या बाईंची टीईटी

काल एका ओळखीच्या मुलीचा मेसेज आला, ताई माझी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) निघाली, आता वर्गात कॉन्फिडन्स येईल ना. दोन तास झाले मी रिप्लाय टाइप करायलोय आणि पुसायलोय. शेवटी म्हटलं इथंच लिहावं, लांबलं तर लांबलं.

(आणि हो, मी बाई असून "करायलोय" लिहिते. बेळगाव-खानापूरकडचे समजून घेतील, बाकीच्यांसाठी पुढं येतंयच.)

आधी परीक्षेचं सांगते. कर्नाटकची टीईटी म्हणजे १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर एक पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. आम्हा जनरलवाल्यांना ६० टक्के म्हणजे ९० पाहिजेत. पहिल्यांदा मला ८४ पडले. सहा मार्कांसाठी एवढं रडले की शेजारच्या काकू कुणी गेलं काय विचारायला आल्या. तयारी कशी केली म्हणाल तर मानसशास्त्राला कोल्हापूरहून आणलेलं मराठी गाईड, बाकीच्याला कन्नड गाईड, आणि मध्ये माझी एक दोनशेपानी वही, डाव्या बाजूला कन्नड शब्द उजव्या बाजूला मराठी. बोधने म्हणजे अध्यापन. कलिके म्हणजे अध्ययन. मला तर बरेच दिवस कलिके म्हटलं की फुलाची कळीच दिसायची.

दुसऱ्यांदा ९७ आले. आईनं गल्लीत कुंदा वाटला आणि सगळ्यांना सांगितलं पोरीला सरकारी नोकरी लागली. मग सहा महिने मी प्रत्येकाला समजावत फिरले की टीईटी म्हणजे नोकरी नाही, नोकरीसाठी उभं राहायची परवानगी, भरतीची परीक्षा वेगळीच असते. एक बरं, २०२१ पासून या सर्टिफिकेटला आयुष्यभर व्हॅलिडिटी आहे, आधी सात वर्षांत परत बसायला लागायचं.

मग जूनमध्ये गेस्ट टीचर म्हणून खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेवर लागले. सकाळची लाल बस, शक्ती योजनेचं (बायकांना फुकट प्रवास) झिरो तिकीट, कंडक्टरला रोज आधार कार्ड दाखवायचं. पाऊस असा की छत्री नुसती हातात धरायला. दुसरी-तिसरी मिळून तेवीस पोरं.

पहिल्याच दिवशी घोळ केला. एक मुलगी उशिरा आली, दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी आलो." आणि मी, डीएडला प्रमाण भाषेवर निबंध लिहिलेली, लगेच म्हटलं, "आलो नाही, आले म्हणायचं. तू मुलगी आहेस ना?" वर्ग हसला. ती आत येऊन बसली आणि त्यानंतर आठ दिवस तिनं तोंड उघडलं नाही. हजेरीला नुसता हात वर.

आता गंमत बघा, मी स्वतः घरात काय बोलते? मी आलो, मी जेवलो, मी जातो. आमच्या भागात बायका असंच बोलतात, माझी आई, आज्जी सगळ्या. पण हातात खडू आला की माणसाच्या अंगात काय संचारतं देव जाणे.

आमच्या शाळेत एक सीनियर बाई आहेत, पोरं त्यांना मोठ्या बाई म्हणतात. १९९९ पासून नोकरीत. त्यांना हे कळलं. मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गाच्या दारात मुद्दाम दहा मिनिटं उशिरा आल्या आणि त्या पोरीकडं बघून म्हणाल्या, "मी आलो गं, उशीर झाला बघ मला." मग पुस्तक उघडून, "घरात आपण आलो म्हणतो की नाही, आता हितं कसं लिहिलंय बघूया." एवढंच केलं आणि गेल्या. मला गिळून टाक धरणीमाय असं झालं.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी त्या माझ्या वर्गात मागं येऊन बसायच्या, त्यांचं रजिस्टर घेऊन. अर्धा वेळ मान खाली घालून लिहीत असायच्या पण कान माझ्याकडं. पहिल्या शनिवारी नंतर एकच गोष्ट सांगितली. "तू प्रश्न विचारतीस आणि तूच उत्तर देतीस. विचारल्यावर मनात पाच मोज की." मोजायला लागल्यावर कळलं पाच म्हणजे किती लांब असतात. वर्गात शांतता झाली की नव्या बाईला घाम फुटतो, वाटतं आता बाहेर कुणी ऐकलं तर म्हणेल वर्गात काही चाललंच नाही. हात पाठीमागं घेऊन बोटं मोडत मोजायचे. त्याच आठवड्यात, चौथ्या बोटाला, ती गप्प झालेली पोरगी बोलली. प्रश्न काय होता ते आठवत नाही, हातच्याचा काहीतरी होता. उत्तर चुकलं होतं. मला एवढा आनंद झाला की चूक सांगायचीच विसरले.

माझ्या मेसेजवाल्या मैत्रिणी, कॉन्फिडन्स म्हणशील तर तो मला त्या चौथ्या बोटाला आला.

पोरं सोडून दुसरी भीती क्लस्टर मीटिंगची, म्हणजे आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीची. सगळं कन्नडमध्ये, आणि धडाधड. मी सहा महिने नुसती मान हलवली आणि परत येऊन मोठ्या बाईंना विचारायची काय करायचं ठरलं. त्यांनीच शिकवलं, उठून सरळ म्हणायचं "स्वल्प निधान हेळ्री सर". जरा हळू सांगा. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज थरथरला, पण बाजूच्या दोन सरांनी सुटकेचा श्वास सोडला, म्हणजे त्यांनाही कळत नव्हतंच!

आता दुधाची गोष्ट. क्षीर भाग्यचं, म्हणजे सरकारी योजनेतून शाळेत येणारं दूध वाटताना एकदा पहिलीतल्या पोरानं भोकाड पसरलं, त्याला लई दिलंसा मला कमी. माप एकच होतं, १५० मिली. पण दुसऱ्याचा ग्लास उंच आणि याची वाटी पसरट. मी उडालेच, कारण हा तर आमच्या पेपरातला प्रश्न! पियाजे हा बालमानसशास्त्रज्ञ, त्याची पाण्याच्या ग्लासांची टेस्ट, सात वर्षांच्या आतल्या मुलाला उंच दिसतं ते जास्त वाटतं. मी धावत जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर मी माझ्या वर्गाला सगळ्यांस्नी एकाच मापाचा ग्लास आणायला लावतो. हा पियाजे कोण की."

टीईटीला नुसता कागद म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे यावरून लक्षात घ्या. रट्टा मारला होता तरी तो पियाजे मला त्या दिवशी दुधाच्या वाटीत दिसला, नाहीतर मी त्या पोराला हट्टी म्हणून ओरडले असते. ओळखीवर वर्गात घुसणारे मी पण बघितलेत, त्यांच्यापेक्षा परीक्षा बरी. पण १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की नोकरीतल्या शिक्षकांनाही, ज्यांची पाच वर्षांहून जास्त सर्व्हिस उरलीय त्यांना, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला पाहिजे. टीईटीची अट आली २०१० साली. मोठ्या बाई त्याच्या अकरा वर्षं आधीच्या. वय ५१, रिटायर व्हायला नऊ वर्षं, म्हणजे बरोब्बर सापडल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांचं शिक्षक असणं तपासायचंच असेल तर कुणीतरी त्यांच्या वर्गात मागं जाऊन बसा, जसं त्या माझ्या बसल्या. माझ्याकडं कागद होता पण मला वर्ग येत नव्हता, त्यांना वर्ग येतो पण कागद नाही, आणि सिस्टीमला फक्त कागदच वाचता येतो. नव्या पोरांच्या वर्गात पण पहिले दोन-तीन महिने असं कुणी मागं बसायला पाहिजे, आणि ते त्या बसणाऱ्याच्या कामाचा भाग म्हणून धरायला पाहिजे. मोठ्या बाई बसायच्या ते निव्वळ स्वभावानं. प्रत्येक शाळेत असा स्वभाव मिळत नाही.

तर सध्या आमची उलटी शिकवणी चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत मी शिकवते, त्या शिकतात, माझी ती दोनशेपानी वही परत बाहेर निघालीय. प्रश्न विचारून मी पाच मोजते आणि त्या चिडतात, "मोजू नकोस, माहीत आहे मला." बाकी विषय चांगलेत त्यांचे, गणितात तर मलाच हरवतात. परवा तो ग्लासांचा प्रश्न आला, चारी ऑप्शन नीट वाचले आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "ह्यात ग्लास बदला असं कुठं दिलं नाही."

कुणाकडं पेपर एकचे जुने पेपर झेरॉक्स असतील तर कळवा. छापीलच पाहिजेत, मोबाईलवर वाचून त्यांचे डोळे दुखतात.