वाडीला आधी विचारा

दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा ईमेल येतो. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात ही ठरलेली वेळ आहे. या जूनमधल्या एका शुक्रवारी त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना दुपारचं जेवण फुकट कुठे मिळेल ते होतं. बालवर्गात येणाऱ्यांना कुठल्या लसी लागतील, घरी इंटरनेट नसेल तर शाळेकडून हॉटस्पॉट कसा मागायचा, कॉलेजच्या मदतीचे अर्ज समजावून सांगायची संध्याकाळ कधी आहे, हेही होतं. शेवटी बोर्डाच्या पुढच्या सभेची विषयपत्रिका. यातलं निम्मं आमच्या घराला लागू नव्हतं, तरी मी सगळं वाचलं. मी नेहमीच वाचते.

त्याच रात्री संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून वहिनीचा व्हॉइस मेसेज आला. तिकडे पहाट होती, मागे पावसाचा आवाज येत होता. "ताई, आपली शाळा त्या समूहशाळेत घालणार म्हणतात. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, वरून आलंय. कागद काही कुणी दाखवला नाही."

समूहशाळा म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळा एकत्र करून केलेली एक मोठी शाळा. आमच्या वाडीतल्या शाळेचा पट अकरा आहे. चौथीपर्यंत मी तिथेच शिकले. वहिनी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. म्हणजे जिला सगळ्यात आधी कळायला हवं, तिलाच ही बातमी रेशनच्या रांगेत कळली होती.

त्या दिवसापासून हे दोन निरोप माझ्या मनात शेजारी शेजारी बसलेत. परदेशात राहणाऱ्याने गावाला शहाणपण शिकवू नये हे मला कळतं. पण पावसात दुथडी वाहणारा पऱ्या ओलांडून शाळेत जाणारी मुलं माझ्या भावाची आहेत, तेव्हा बोलणार आहे.

आधी इथल्या व्यवस्थेबद्दल. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्याला कलेक्टर कचेरी आठवते. इथलं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका गावाच्या किंवा दोन-तीन गावांच्या शाळांचा स्वतंत्र कारभार. न्यू जर्सी आकाराने रत्नागिरी जिल्ह्याच्या तिप्पटसुद्धा नाही, पण तिथे अशी सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. आपल्याकडे अख्ख्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ३४. हा कारभार बघणाऱ्या बोर्डावर बहुतेक ठिकाणी गावातल्याच लोकांनी निवडून दिलेली माणसं असतात, तीन वर्षांसाठी आणि बिनपगारी. आमच्या बोर्डावरच्या एक बाई मला किराणा दुकानात भेटतात. शाळेच्या बसबद्दल मी त्यांना दुधाच्या फ्रीजपाशी उभं राहून विचारलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात बोर्डाने प्राथमिक शाळांच्या हद्दी बदलायचं काढलं. माझी धाकटी जवळच्या शाळेतून लांबच्या शाळेत जाणार होती. राज्याच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे सभेची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते आणि शाळेच्या बोर्डाला लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. प्रत्यक्षात आम्हाला नकाशे दोन महिने आधी मिळाले. जिमखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या, समोर टेबलामागे बोर्ड, मध्ये एक माइक आणि माणशी तीन मिनिटं. मी घरी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं होतं, तरी तिथे आवाज कापला. माझ्यामागे एक तेलुगू आजोबा होते, त्यांच्यासाठी दुभाषा होता. त्यांची तीन मिनिटं दुभाष्याचा वेळ वगळून मोजली.

निकाल आमच्या बाजूने लागला नाही. हद्द बदललीच, धाकटी सप्टेंबरपासून नव्या शाळेत जाईल. पण महामार्ग ओलांडणारी बसची थेट वाट त्यांनी बदलली, आणि ती का बदलली हे सभेच्या लेखी वृत्तांतात आहे. आमच्यापैकी चौघांनी काय सांगितलं तेही आहे. हरल्यावरसुद्धा त्या रात्री मला नीट झोप लागली. माझं ऐकून मग नाही म्हणणारा माणूस मी समोर पाहिला होता.

मला वाडीसाठी एवढंच हवं आहे. इथला पैसा नको, इथल्या इमारती नकोत.

पैशाचं मुद्दाम सांगते, कारण इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या गप्पांत नेहमी निघतं, की आपल्याकडेही शाळा गावाच्या ताब्यात द्या, गाव कर गोळा करेल, शाळा सुधारतील. हे मला अजिबात मान्य नाही. न्यू जर्सीत घरपट्टीतला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो, आणि २०२४ मध्ये इथली सरासरी घरपट्टी वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेली. जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. घर घेताना आपली मंडळी आधी शाळेचं रेटिंग बघतात, मग स्वयंपाकघर. आम्हीही तेच केलं. गरीब शहरांतल्या मुलांना तेवढाच खर्च मिळावा म्हणून इथे वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यात १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला आणि १९९८ मध्ये अशा डिस्ट्रिक्टमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवाडी चालवणं सक्तीचं केलं. संगमेश्वरच्या एका वाडीने आपल्या घरपट्टीवर शाळा चालवायची म्हटलं तर पहिल्याच वर्षी कुलूप लागेल. शिक्षकाचा पगार सरकारने द्यायचा आणि अकरा मुलांसाठीही द्यायचा, यावर तडजोड नको.

आणखी एका बाबतीत आमची वाडी न्यू जर्सीच्या पुढे आहे.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. त्या काळात आम्ही मुलांच्या फुकट जेवणाचा अर्ज भरला. तो भरायला मला नऊ दिवस लागले. शुक्रवारच्या ईमेलमध्ये दर खेपेला लिहिलेलं असायचं, की अर्ज वर्षात केव्हाही करता येतो, हातात आत्ता येणारी मिळकत लिहायची, अर्जात इमिग्रेशनबद्दल काहीही विचारलेलं नाही. तरी हात उचलेना. माझ्या मनात आई बोलत होती, की आपण कुणापुढे हात पसरत नाही. शेवटी शाळेच्या समुपदेशक बाईंचाच फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमची मुलं रांगेत तोच नंबर दाबतील, जेवण तेच असेल, कुणालाही कळणार नाही." आणि खरंच कुणाला कळलं नाही. त्या दिवसांत मुलं शाळेतच जेवली. नोकरी लागल्यावर मी शाळेला कळवलं आणि पुन्हा पैसे भरायला लागले.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिला अर्ज कशाला हेच कळेना. आमच्या वाडीत पहिलीपासून प्रत्येक मूल पंगतीला बसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात शिजवलेलं गरम जेवण सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला द्यायला सांगितलं, आणि आज आठवीपर्यंतच्या मुलांना ते मिळतं. कुणाचा बाप काय कमावतो हे विचारलं जात नाही. अमेरिकेत सगळ्या मुलांना विनाअर्ज जेवण द्यायला कॅलिफोर्निया आणि मेन यांनी २०२२ मध्ये सुरुवात केली आणि अजूनही थोडीच राज्यं त्या वाटेने गेली आहेत. खिचडीच्या पंगतीबद्दल शहरातली माणसं नाक मुरडतात तेव्हा मला माझे ते नऊ दिवस आठवतात.

म्हणून शाळा समूहात घेण्याचा प्रश्न मी नुसता गुणवत्तेचा मानत नाही. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा होत्या. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी मिळतात, वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे शिक्षक मिळतात, खेळायला मैदान असतं. हे म्हणणं खोटं नाही. चारही इयत्ता एका खोलीत आणि गुरुजी बैठकीला गेले की सगळ्यांना सुट्टी, हे मी स्वतः भोगलं आहे. चांगल्या समूहशाळेला माझा आंधळा विरोध नाही.

पण नकाशावरचं अंतर आणि वाडीतलं अंतर वेगळं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या वाडीतून पुढची शाळा तशी फार लांब नाही, मध्ये एक साकव, म्हणजे छोटा पूल, आहे एवढंच. जुलैत त्या साकवावरून पाणी जातं. सहा वर्षांची मुलगी तिथून एकटी जाईल का, तिला सोडायला लावणीच्या दिवसांत कोण येईल, गाडी मिळणार असेल तर ती कुठपर्यंत येईल आणि बंद पडली तर काय करायचं, हे प्रश्न वहिनीने मला पाच मिनिटांत विचारले. ती अकरावी नापास आहे. तिच्याएवढे नेमके प्रश्न मी कुठल्याही शासन निर्णयात वाचलेले नाहीत. ते तिला कुणी विचारूच दिले नाहीत.

शाळा अमेरिकेतही बंद होतात आणि फार वाईट रीतीने बंद होतात. शिकागोत २०१३ च्या मे महिन्यात बोर्डाने एका बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करायचं ठरवलं. कारण तेच, पट कमी आणि खर्च जास्त. त्यातली बहुतेक मुलं काळ्या वस्त्यांतली होती. सुनावण्या झाल्या, आयाबाया रडून बोलल्या, निर्णय बदलला नाही. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं, की त्या मुलांच्या शिकण्यात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. त्याच शहरात डायेट हायस्कूलसाठी २०१५ मध्ये पालक आणि शिक्षक ३४ दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ती शाळा पुढच्या वर्षी पुन्हा उघडली. आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. शिकागोचं ते बोर्ड निवडून आलेलं नव्हतं. १९९५ पासून ते महापौर नेमत असत. बोर्डासाठी पहिल्यांदा मतदान झालं ते २०२४ च्या नोव्हेंबरात.

आपल्याकडे बघा. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे प्रशासक राहिले. वाडीतल्या शाळेचा प्रश्न घेऊन जायला जिल्हा परिषद सदस्यच नाही, अशा काळात समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले. शिकागो आणि संगमेश्वर यांच्यात दुसरं काही सारखं नसेल, पण शाळा बंद करणाऱ्याला मत मागायला दारात यायचं नव्हतं, हे दोन्हीकडे सारखं आहे.

गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि २९ जून २०२५ ला शासनाला तो मागे घ्यावा लागला. मला फार अभिमान वाटला. आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात त्या दिवशी कुणीतरी पेढे आणले होते. पण मराठी ज्या खोलीत शिकवली जाते ती खोली बंद होताना आपण एवढे का जमत नाही? इथे दूर बसून पेढे वाटणाऱ्या आम्हा सगळ्यांना मी हे विचारते आहे, मला स्वतःलाही.

कायदा नवा करायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. न्यू जर्सीत एवढं शाळेपाशी आलेलं पालकांचं मंडळ मी पाहिलेलं नाही. माझं बोर्ड अख्ख्या गावाचं आहे, वहिनीची समिती अकरा मुलांची आहे. उणीव आहे ती निरोपाची. सभेची तारीख आधी कळावी, प्रस्तावाचा कागद मराठीत फळ्यावर लागावा. गाडीचा मार्ग, गाडीचा खर्च कोण करणार आणि पावसाळ्यात काय, हे त्यात लिहिलेलं असावं. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वाडीत येऊन ते वाचून दाखवावं, लोक बोलतील ते लिहून घ्यावं, आणि ठरवायचं ते त्यानंतर ठरवावं. याला किती खर्च येतो? एक जीप आणि एक दुपार.

मी वहिनीला कलम २१ आणि २२ मराठीत साध्या भाषेत लिहून पाठवली. तिने ती वहीत उतरवून घेतली, कारण फोनवरचं हरवतं म्हणाली. मग तिने मला विचारलं, "तिकडे तीन मिनिटं देतात, तेवढ्यात तुमचं ऐकतात तरी का?" मी खरं ते सांगितलं, की हद्द बदलली पण बसची वाट बदलून घेतली. ती थोडा वेळ गप्प होती. "मग साकवाचं आधी सांगायचं," ती म्हणाली, "शाळेचं नंतर."

परवा तिचा पुन्हा मेसेज आला. समितीची सभा लावायला गुरुजी तयार झाले आहेत. भिंतीवर सूचना लागली, पण तिच्यावर वेळ लिहिलेली नव्हती. तिने खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं: लावणी आटोपल्यावर, चार वाजता.