घोडदळ काढून टाका म्हणे

परवा रात्री मानेवाड्यावरून भाच्याचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. मामा, टोटल वॉर वॉरहॅमर तीन या लढाईच्या कॉम्प्युटर गेममध्ये एम्पायर या माणसांच्या राज्याच्या सैन्यातले सगळे घोडे काढून टाकले आणि आता एकही लढाई जिंकता नाही येऊन राहिली. काहून काढले बे, असं विचारलं तर त्याने एक व्हिडिओ पाठवला. तोच व्हिडिओ सकाळपासून आमच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकलेला होता आणि मी न बघता सोडून दिला होता. मग बसून पूर्ण बघितला. म्हणणं असं की घोडदळ महाग पडतं, भालेवाल्यांसमोर मरतं, चार्ज, म्हणजे दौडत जाऊन धडक, मारल्यावर मागे ओढलं तर जास्तच मरतं म्हणून तिथेच लढू द्यावं, पळणाऱ्यांच्या मागे घोडे पाठवणं म्हणजे टाइमपास, आणि गेममधले ड्वार्फ, म्हणजे बुटके लढवय्ये, घोड्यांशिवाय जिंकतात म्हणजे गरजच नाही. वरून शेवटी छातीठोकपणे सांगतो की घोडदळाने लढाई फिरते हा भ्रम आहे, गेममध्येही आणि खऱ्या इतिहासातही.

पोराने दोन महिने मन लावून उभं केलेलं कॅम्पेन याच्यापायी मातीत गेलं, म्हणून लिहून राहिलो.

महाग आहे, हे मान्य. अल्ट्रा, म्हणजे तुकड्यांच्या सगळ्यात मोठ्या साइझवर एम्पायरच्या भालेवाल्यांच्या तुकडीत १२० माणसं येतात आणि नाइट्सच्या, म्हणजे चिलखती घोडेस्वारांच्या तुकडीत ६० घोडे, तरी दर टर्नचा, म्हणजे दर खेळीचा खर्च नाइट्सचाच जास्त. पहिल्या दहापंधरा टर्नमध्ये तिजोरी रिकामी असताना चार तुकड्या नाइट्स घेऊन बसलं तर नुकसान होणारच. पण दोन तुकड्यांनी कोणी भिकेला लागत नाही.

आता तो तिसरा मुद्दा, 'चार्ज मारा आणि तिथेच लढू द्या'. भाच्याचं सगळं सैन्य यानेच खाल्लं. आधी त्याने हा सल्ला ऐकून घोडे गर्दीत सोडून दिले, ते मेले, मग घोडदळच बेकार आहे असं त्याला पटलं. अहो, तुकडीची माहिती देणाऱ्या युनिट कार्डवर चार्ज बोनस नावाचा आकडा लिहिलेला असतो, तो काय शोभेला आहे का? घोडा दौडत येऊन आदळला की तो आकडा हल्ल्यात आणि मारात मिळवला जातो, आणि आदळल्यानंतर काही सेकंदांत उतरत उतरत शून्यावर येतो. भाला घेऊन धडकणाऱ्या नाइटची सगळी किंमत त्या काही सेकंदांत आहे. ते संपले की तो गर्दीत अडकलेला साठ जणांपैकी एक, आणि समोर त्याच्या दुप्पट माणसं. जामठ्याच्या ग्राउंडवर फास्ट बोलरला सांगा की एकदा रनअप घे आणि मग पूर्ण ओव्हर क्रीजवर उभ्या उभ्या टाक, कोण ऐकेल? प्रत्येक बॉलला मागे जावंच लागते.

मागे ओढताना माणसं मरतात हे अर्धं खरं आहे. समोरून धडकला असाल तर शत्रूचं तोंड तुमच्याकडेच असते, वळलात की तो पाठीवर मारतो. पण समोरून धडकायला सांगितलं कोणी? आधी आपले भालेवाले किंवा तलवारवाले शत्रूच्या रांगेला भिडू द्यायचे, ती रांग तिथे अडकली पाहिजे, मग घोडे लांबून वळसा घालून पिछाडीवर. वळसा घालताना चालत न्या, सगळा मैदानभर दौडवले तर धडकायच्या आधीच थकतात आणि थकलेल्या घोड्याचा मारही कमी होतो. पाठीमागून धडक बसली की शत्रूचा बचाव पडतो, त्याची हिंमतही पडते, आणि त्याची पुढची रांग आपल्या पायदळात गुंतलेली असल्यामुळे तुम्ही मागे फिरता तेव्हा मागे धावून येणारे हात कमीच असतात. धडक, काही सेकंद, मागे, दौडीपुरतं अंतर घ्या, पुन्हा धडक. दोनतीन वेळा केलं की समोरची तुकडी मोडते. आणि ज्यांना खरंच गर्दीत राहू देता येतं ते वेगळे, ब्रेटोनिया या गेममधल्या दुसऱ्या राज्याचे क्वेस्टिंग नाइट्स मोठ्या तलवारी घेऊन तिथेच लढायला बनवलेले आहेत. त्यांचेच ग्रेल नाइट्स भाला घेऊन धडकणारे. या माणसाने दोघांना एकाच मापात मोजलं आणि हजारो पोरांना शिकवलं, याचा राग येतो मला.

भालेवाल्यांसमोर मरतात, हो. चार्ज डिफेन्स असलेली तुकडी तोंड करून पाय रोवून उभी असेल तर तुमचा चार्ज बोनस गिळून टाकते. पण बगलेतून किंवा पाठीमागून आलात तर तिचा तो गुण कामच करत नाही. यासाठी सात मिनिटांचा व्हिडिओ नाही, कॅमेरा फिरवून ती तुकडी कुठे बघून राहिली ते बघणं पुरेसं आहे.

राहिलं इतिहासाचं. नागपुरात राहून कोणी हे ऐकून गप्प बसावं? सीताबर्डीची लढाई, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट. रात्रभर झुंज चालली, सकाळी आपल्या अरबांनी छोटी टेकडी घेतली, इंग्रजांचा खेळ संपत आलेला. त्यांच्याकडे बंगालच्या सहाव्या घोडदळाचे तीन ट्रूप, म्हणजे छोट्या तुकड्या होत्या, कॅप्टन फिट्झगेराल्डच्या हाताखाली, तोवर राखून ठेवलेल्या. त्याने नेमका तेव्हा हल्ला चढवला, आपलं घोडदळ उधळलं, तोफा घेतल्या, आणि ते पाहून टेकडीवर दमलेल्या त्यांच्या पायदळाला जोर चढला, छोटी टेकडी परत गेली. आपली हार आहे ती. मला अजून वाचवत नाही. पण मूठभर घोडेस्वार योग्य वेळी सोडले तर काय होते याचा दाखला बर्डीच्या टेकडीवर उभा आहे, २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा जाऊन बघा. म्हणे भ्रम.

पळणाऱ्यांचा पाठलाग टाइमपास, हे व्हॅम्पायर काउंट्सशी लढताना चालेल, त्यांचे मुर्दे पळत नाहीत, तिथेच चुरा होतात. बाकी सगळ्यांविरुद्ध पाठलाग लागतोच, कारण पळणाऱ्याला पायदळ गाठू शकत नाही, आणि पांढरं निशाण दाखवत पळालेली तुकडी सावरून परत येते. नाही आली तरी जेवढे वाचतात तेवढे घेऊन तोच सेनापती चार टर्नने तुमच्या दारात उभा.

ड्वार्फचं उदाहरण तर देऊच नये. त्यांच्याकडे घोडे नाहीत म्हणून त्यांना तसं चिलखत, तशी हिंमत, तशा तोफा आणि वरून हेलिकॉप्टरसारखे जायरोकॉप्टर दिलेत. एम्पायरच्या साध्या भालेवाल्यात त्यातलं काय आहे?

रविवारी भाचा घरी येऊन राहिला. हरलेल्या लढाईच्या आधीचं सेव्ह त्याच्याकडे आहे, त्यात दोन तुकड्या नाइट्स अजून शिल्लक आहेत. त्याला एवढंच सांगितलं, शत्रूची रांग आपल्या भाल्यांवर पूर्ण अडकेपर्यंत त्या दोन तुकड्यांवर क्लिकसुद्धा नाही करायचं.