दुष्काळात तेरावा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन पळायचा तो) नाद पुण्यात बसून करायचा, तर आधी पंचांगासारखं वेळापत्रक जुळवावं लागतं. सप्टेंबरात तिकडचे शनिवारी संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटेचे पाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग सहा. तेवढी तासभर जास्तीची झोप ही २०२४ सालच्या हंगामात फ्लोरिडा स्टेट या विद्यापीठाच्या संघाच्या आम्हा चाहत्यांना मिळालेली जवळपास एकमेव सवलत.

२०२३ मध्ये हाच संघ ओळीनं तेरा सामने जिंकला होता. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला, म्हणून तेरा विजय खिशात असूनही निवड समितीनं विजेतेपदासाठी खेळणाऱ्या पहिल्या चारांत घेतलं नाही. त्या रुसव्यात ऑरेंज बोल या हंगामअखेरच्या सामन्यात जॉर्जियाकडून ६३-३ असा मार खाल्ला. पाठोपाठ दहा पोरं एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडली गेली. लग्नाच्या धामधुमीनंतर मांडव उतरलेलं घर असतं ना, तसा संघ उरला. तरी नव्या हंगामाच्या क्रमवारीच्या यादीत आमचा नंबर दहावा! यादी करणारे बहुधा आहेराची पाकिटं मोजत होते.

पहिला सामना थेट डब्लिनला. जॉर्जिया टेकनं शेवटच्या सेकंदाला ४४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला, २४-२१. मग बॉस्टन कॉलेज, मग मेम्फिस. तीन सामने, तिन्ही हार. चौथा कॅलविरुद्ध (कॅलिफोर्निया विद्यापीठ) १४-९ असा कसाबसा जिंकलो आणि पुढे ओळीनं सहा हरलो. त्यात ड्यूक, ज्यांनी आम्हाला तोवर एकदाही हरवलं नव्हतं. बावीसपैकी बावीस आमचे होते.

हरणं कसं होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. आमच्या टालाहासीच्या डोक कॅम्पबेल स्टेडियमवर सामन्याआधी संघाचं प्रतीक असलेला योद्धा ऑसिओला घोड्यावरून दौडत येतो आणि मैदानाच्या मधोमध पेटता भाला रोवतो. अंगावर काटा येतो. आणि मग आमचा आक्रमक संघ मैदानात उतरतो.

चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड काढायचे असतात. पहिल्या डाउनला चेंडू घेऊन मधून पळायचं. पण आघाडीच्या रांगेतला सेंटर आणि शेजारचा गार्ड यांच्यात पाऊलभर फट राहिली, तर समोरचा दीड क्विंटलचा गडी तिथूनच घुसतो. मिळाला एक यार्ड. उरले नऊ. दुसऱ्याला कडेला आखूड पास, दोन यार्ड. उरले सात. आता क्वार्टरबॅक लांब फेकणार हे समोरच्यालाच काय, पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही कळतं. धावण्याची धास्तीच नसल्यानं टोकाचे बचावपटू बेधडक क्वार्टरबॅकवर सुटतात. त्याच्या हातात धड तीन सेकंद नसतात. धप्पकन सॅक, म्हणजे चेंडूसकट आडवा, सहा यार्ड मागे. चौथा डाउन आणि उरले बरोब्बर तेरा!

मग पंट, म्हणजे चेंडू लाथेनं लांब समोरच्यांकडे धाडायचा. आपले बचावपटू आत्ताच बाकावर टेकलेले असतात. पाण्याची बाटली तोंडाला लागते न लागते तोच, ‘उठा’. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्यांचे पाय जड होतात, समोरचा रनर चार यार्डांऐवजी चौदा काढू लागतो आणि लोक बचावाला शिव्या घालतात. वास्तविक दुखणं पहिल्या डाउनच्या त्या फटीत असतं. लोक क्वार्टरबॅकलाही धारेवर धरतात. त्यानं तरी काय करावं? डीजे उइआंगलेलेचा हात दुखावला, दुसरी पोरं आली. फट तिथेच होती.

या सगळ्यात कौतुक कुणाचं झालं असेल? पंटरचं! ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलेक्स मास्ट्रोमानो त्या वर्षी देशातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-अमेरिका संघात आला. पोराला सराव भरपूर मिळाला. किकर रायन फिट्झजेराल्डनं तेरापैकी तेरा फील्ड गोल (तेच, खांबांमधून मारायचे) मारले. पंगतीत सगळं करपलेलं आणि मीठ वाढणाऱ्याला टाळ्या, अशातली गत.

नोव्हेंबरात नोत्र दामनं ५२-३ असं धुतलं. पहाटे सहाला सामना लावला होता. पोहे होईपर्यंत निकाल लागलेला. आमचे ते तीन गुण एका फील्ड गोलचे. दुसऱ्याच दिवशी आक्रमण आणि बचाव, दोन्हींच्या समन्वयकांना नारळ मिळाला. मुख्य प्रशिक्षक नॉर्वेल राहिले. मग चार्ल्सटन सदर्नसारख्या लहान कॉलेजवर ४१-७ असा हात धुवून घेतला. बारा सामन्यांत २१ च्या पुढे आम्ही गेलो ते एवढ्या एकदाच. सरासरी निघाली १५.४.

३० नोव्हेंबरला फ्लोरिडा विद्यापीठाकडून ३१-११ असं हरून बारावा सामना संपला. तेराव्याचं, म्हणजे बोल सामन्याचं, आमंत्रण यायला सहा विजय लागतात. आमचे दोन. दुष्काळात तेरावा तेवढा टळला. मी रविवारचा गजर बंद केला.