कातडं एक, घरं दोन

खरी शिवसेना कोणती, खरी राष्ट्रवादी कोणाची, हा वाद महाराष्ट्रात आयोगाच्या आणि अध्यक्षांच्या निकालानंतरही धुमसत राहिला. ‘कोर्टानं एकदाचं ठरवून टाकावं’ हे वाक्य घानात बसून ऐकलं की येंडी आठवतं.

येंडी ही उत्तर घानातल्या दाग्बोन राज्याची राजधानी. तिथे गादीच्या जागी जनावराचं कातडं असतं आणि त्यावर या-ना, म्हणजे राजा, बसतो. अबुदू आणि अंदानी या दोन भाऊबंद घराण्यांनी आळीपाळीनं बसायचं, ही रीत. 1954 मध्ये अबुदू बापामागे त्याचाच मुलगा बसला आणि पाळी मोडली.

यात एवढं काय बिघडलं? दाग्बोनमध्ये बापाच्या पदापलीकडे मुलाला चढता येत नाही. शिवाय या-ना होण्याआधी कारागा, साव्हेलुगु किंवा मिऑन यांपैकी एका ठिकाणचं प्रमुखपद हवं. राजांच्या यादीतून बापाचं नाव पुसलं, की मुलांची वाट कायमची बंद.

1974 मध्ये सरकारनं अबुदूंच्या महामदू चौथ्याला उतरवून अंदानींच्या याकुबूला बसवलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कौल अंदानींनाच दिला. कायद्याचं काम तिथे संपलं. महामदू 1988 मध्ये वारला, पण राजाला साजेसे त्याचे उत्तरविधी वाड्यात झालेच नाहीत, कारण ते होणं म्हणजे तो राजा होता हे कबूल करणं. हा काटा तसाच राहिला. मार्च 2002 मध्ये, बुगुम या अग्नीच्या सणाच्या दिवसांत, येंडीत तीन दिवस लढाई झाली. 27 तारखेला या-ना याकुबू आणि सुमारे 40 माणसं मारली गेली; राजाचं शिर कापलं गेलं. खटल्यातले 15 आरोपी 2011 मध्ये सुटले.

सातारा-कोल्हापूरनं 1731 मध्ये वारणेच्या तहात मुलूख वाटून घेतला. कातडं वाटता येत नाही. म्हणून असांतेहेने, म्हणजे घानातल्या असांते लोकांचे राजे, ओसेई तुतू दुसरे यांच्या तीन राजांच्या समितीनं निवाड्याऐवजी विधींचा क्रम लावला, आणि माझ्या मते खरा तोडगा तोच. डिसेंबर 2018 मध्ये आधी महामदूचे विधी, जानेवारीत याकुबूचे, दोन्ही त्याच वाड्यात. त्यानंतरच साव्हेलुगुचे अंदानी प्रमुख अबुबाकारी महामा या-ना झाले. रिकामं झालेलं साव्हेलुगु याकुबूच्या मुलाला मिळालं, मिऑन महामदूच्या मुलाला.